घाबरू नये

१४ मे २०२५
इतवारी, नागपूर

गुंजन,

वर मायना घातलेला नाही. 'प्रिय' लिहायला हात गेला होता, तो परत घेतला.

परवा तू दवाखान्याच्या जिन्यात चार तास बसलीस ते मी वरच्या खिडकीतून पाहिलं. पंचेचाळीस डिग्रीत बसलीस, रडलीस, मग बेसाला तुझ्या मैत्रिणीकडे गेलीस आणि काल पुण्याची गाडी धरलीस. मला खाली यायला दोन मिनिटं लागली असती. आले नाही, कारण बाबांनीच सांगितलं होतं. त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहिते, नाहीतर म्हणशील ताईने तिखटमीठ लावलं. "तिचं तोंड नोको दाखवू मले. तिनं मले येडं बनवलं."

तू फोन करतेस, मी उचलत नाही. बाबांचा फोनही माझ्याच उशाशी असतो. मला कागद बरा वाटतो, तो मधे बोलत नाही.

डॉक्टरांनी सांगितलं ते ऐक. गाठ मोठ्या आतड्यात आहे आणि आता यकृतापर्यंत पोचली आहे. जानेवारीत आणलं असतं तर आतड्याचा तेवढा तुकडा कापून काढता आला असता, असं म्हणाले. आता कापण्यासारखं काही उरलं नाही. त्यांनी पडद्यावर आतडं दाखवलं तेव्हा बाबा म्हणाले, "साहेब, बोकडाचं हे त आमी रोज चुलीवर ठेवतो." डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, रक्त कधीपासून जातंय? बाबा म्हणाले, "रक्त नाही जी, तो माह्या पोरीच्या औषधाचा रंग हाय." तेव्हा डॉक्टर माझ्याकडे पाहायला लागले. मी तुझ्या भुकटीचा डबा पिशवीतून काढून त्यांच्यासमोर ठेवला. मग त्यांनी बाबांना सगळं समजावून सांगितलं आणि बाबांनी ते वाक्य उच्चारलं जे वर लिहिलंय.

तुझे प्रयोगशाळेतले उंदीर मला पाठ आहेत. गेल्या जूनमध्ये पहिला डबा घेऊन आलीस तेव्हा बाबांना समोर बसवून शिकवलं होतंस. काही उंदरांना नुसती चरबी खाऊ घातली, त्यांच्या आतड्याचं अस्तर बिघडलं, चांगले जिवाणू कमी झाले. बाकीच्यांना चरबीबरोबर जांभळाच्या सालीचा रंग दिला, त्यांचं अस्तर टिकलं, कारण पोटातले चांगले जिवाणू त्या रंगावर पोसतात. बाबांना त्यातलं एवढंच कळलं की चरबी कितीही खा, वरून रंग टाकला की झालं. तू म्हणालीस, हे उंदरांचं आहे, माणसांचं अजून ठरायचंय, तर्री कमी करावीच लागेल. तेवढं त्यांनी ऐकलं नाही. लाडक्या लेकीचं बोलणं माणूस निवडून ऐकतो.

आणि आपल्या भोजनालयाची पद्धत तू विसरली असशील, पुण्याला काय कुणी रस्सा पितं? सकाळचा पहिला रस्सा उतरला की पहिली वाटी मालकाची. वरच्या बोटभर तेलासकट बाबा ती पितात, मिशा पुसतात, मगच गिऱ्हाइकाला ताट लागतं. आजोबांपासूनचा नेम. त्या वाटीत तुझी भुकटी एक चमचा वरून टाकायची, शिजवायची नाही, असं तू मला बजावून गेलीस. म्हणजे औषध तुझं आणि चमचा माझा. काळ्या मसाल्यात तो रंग दिसतसुद्धा नाही. मी रोज दिली. एक दिवस चुकवला नाही.

डब्यावर तुझ्या वळणदार अक्षरात चिठ्ठी होती. 'बीट आणि जांभळामुळे शौचाचा रंग लालसर किंवा काळपट दिसेल. घाबरू नये.'

ते घाबरले नाहीत.

मेघा

२ जून २०२५

गुंजन,

तुझं पत्र मिळालं. सहा पानं! तू लहानपणी निबंधातही पुरवणी जोडायचीस.

नोकरीचा राजीनामा दिलास असं लिहिलंस. 'माझ्या हाताने झालेल्या पापाला दुसरी शिक्षा नाही', वगैरे. छान लिहितेस. मग आता तुझ्या उंदरांना चरबी कोण भरवतं? त्यांचं तरी बरं आहे, त्यांच्या मरणाचं कारण कुणीतरी वहीत नोंदून ठेवतं. तू काम सोडलंस म्हणून बाबांच्या आतड्यातली गाठ तीळभरही लहान झालेली नाही. हे तुला बरं वाटावं म्हणून केलंस, त्यांना नाही.

पत्र त्यांना वाचून दाखवलं नाही. कोणाचं म्हणून विचारलं, मी सांगितलं जाहिरात आहे.

आता तुझ्या तिसऱ्या पानाबद्दल. तू लिहितेस की संक्रांतीनंतर मी तुला फोनवर लाल रंगाचं सांगितलं तेव्हा तू म्हणाली होतीस, ताई, भुकटी चार दिवस बंद कर, रंग गेला तर बीटाचा समज, राहिला तर ते रक्त, त्याच दिवशी डॉक्टर गाठ. आणि पाचव्या दिवशी मी तुला 'गेला' असं सांगितलं. मग गाठ तेव्हापासून वाहत होती तर रंग गेला कसा, असा तुझा प्रश्न.

तू पोलिसात लागलीस का गं? मी काय संडासात कंदील घेऊन उभी होते? बाबांनी जे सांगितलं ते मी तुला सांगितलं. त्यांना दिसलं नसेल. थांबलं असेल चार दिवस. तुम्ही शिकलेले लोक म्हणता ना, शरीर आहे, गणित नाही. पुढे भुकटी परत सुरू केली, रंग परत आला, सगळ्यांना वाटलं तुझाच रंग. तुझा डबा घरात नसता तर पहिल्याच दिवशी आम्ही धावत सुटलो असतो. हे तू खोडून दाखव.

तू असंही लिहिलंस की तुला माझ्यावर संशय घ्यायचा नाही, फक्त समजून घ्यायचंय. तू मला आतापर्यंत किती समजून घेतलंस ते मला ठाऊक आहे. आई गेली तेव्हा मी एकोणीसची होते, तू दहाची. चुलीसमोर मी उभी राहिले म्हणून तू शाळेत बसलीस. मला त्याचं काही नाही. कुणीतरी एकदा म्हणायला हवं होतं, एवढंच. दिवाळीत तू आलीस तेव्हा बाबांनी तुझं वर्तमानपत्रातलं कात्रण काच लावून गल्ल्यामागे टांगलं. सगळ्या गिऱ्हाइकांना उठून दाखवत होते. "माही पोरगी. पोटातल्या जिवाणूची डॉक्टर." त्यांतल्या एकाने माझ्याकडे बोट दाखवलं, ह्या कोण? बाबा म्हणाले, "हे माही मोठी. इले काय, रांधते."

तू तिथेच उभी होतीस. हसलीस. वाईट नाही हसलीस, असंच हसलीस. तुला आठवतही नसेल. मी त्या दिवसापासून

जाऊ दे. कुकर झाला.

मेघा

१९ जून २०२५

गुंजन,

बाबांना घरी आणलं. दवाखान्यात ठेवून उपयोग नाही म्हणाले. भोजनालयाच्या मागच्या खोलीत पलंग टाकला आहे. तिथून त्यांना चूल दिसते. भाताची पेज देते, तीही अर्धी परत येते. पहिली वाटी कालपर्यंत चुलीवरचा कवडू प्यायचा. बाबांनीच सांगितलं तसं. वाटी तोंडाला लावली की त्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. तिखटाने येतं म्हणायचा.

तू पत्रावर पत्र पाठवतेस. एकाच ओळीसाठी चार पानं कशाला खर्ची घालतेस? 'त्यांनी एकदा फक्त ये म्हणावं, मी मिळेल त्या गाडीने निघते, उभ्याने येते.' वाचलं. ते म्हणत नाहीत. मी काय त्यांच्या तोंडात शब्द घालू?

हे पत्र दुसऱ्याच कारणासाठी लिहिते आहे. कवडूकडे तुझा नंबर नाही आणि मी देणार नाही, पण त्याने कुठून मिळवला आणि तुला फोन आला तर उचलू नकोस. म्हाताऱ्याचं डोकं चालत नाही. चाळीस वर्षं आपल्या चुलीवर घालवली म्हणून आता त्याला वाटतं आपण घरातलेच आहोत. काल भांडी घासता घासता मला म्हणाला, "मेघाबाई, हिवाळाभर मोरी काहून जांभळी होती?"

मी म्हटलं, डबा धुतला असेल.

"रोज डबा धुत होत्या का वं? बाबारावच्या वाटीत त भुकटी नाही पडायची. मी पाहून राहिलो होतो. म्या म्हटलं, बाईले माहीत असन."

मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. दोन शब्द जास्तच बोलले, त्याच्या मेलेल्या बायकोपर्यंत गेले. तो हात धुऊन म्हणाला, "बाबारावले तुमी सांगा. नाही त मी सांगतो. आठ दिवसानं येतो." आणि खापरखेड्याला लेकीकडे निघून गेला. ऐन गर्दीत. आता मसाला मीच वाटते, आतडी मीच धुते, चूलही मीच बघते. बघितलंस ना, मला सोडून जाणारे लोक किती स्वाभिमानी असतात.

त्याला अंधुक दिसतं. जांभळं काय नि काळं काय. तू हे सगळं मनावर घेऊ नकोस.

मेघा

२७ जून २०२५

गुंजन,

बाबा तसेच आहेत. तुझं नाव काढलं की भिंतीकडे तोंड करतात. येण्याची घाई करू नकोस, आलीस तर पुन्हा जिन्यातच बसावं लागेल आणि आपल्या घराला जिना नाही. काही बदल झाला तर मी लिहीनच.

मेघा

५ जुलै २०२५

गुंजन,

बाबा मंगळवारी सकाळी गेले हे तुला कळलं आहे. सगळं आटोपल्यावर काकांकडच्या वसंतदादाने तुला फोन केला होता. तू 'बरं' एवढंच म्हणालीस म्हणे. अग्नी मी दिला. दादा पुढे झाला होता, मी त्याला बाजूला केलं.

तेरवी तेरा तारखेला, रविवारी आहे. कवडू त्या आधी येईल आणि तुला सगळं सांगेल. त्याच्या तोंडून ते मोठं होऊन येईल आणि तो रडेलही, म्हणून आधी मी सांगते. मनाला टोचणी लागली असं समजू नकोस. टोचणी कसली असते ते मला बघायचं होतं, अजून दिसली नाही.

भुकटी मी दिवाळीपासून दिलीच नव्हती. रोज एक चमचा डब्यातून काढायचे आणि मोरीत टाकून वर पाणी सोडायचे. डबा संपला की तुला फोन करून दुसरा मागायचे. तू किती खूश व्हायचीस! 'ताई, तू आहेस म्हणून बाबा नियमाने घेतात.' ते मला ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोलू? बाबा गिऱ्हाइकांना सांगायचे, पोरीच्या औषधानं पोट कसं हलकं झालं. माझ्या नुसत्या रश्शाने झालं होतं ते. हसू यायचं.

संक्रांतीनंतर लाल दिसलं तेव्हा भुकटी बंद होऊन अडीच महिने झाले होते. तू चार दिवसांची परीक्षा सांगितलीस. ती मी न सांगता आधीच घेऊन ठेवली होती. आणि मी स्वतः पाहिलं होतं, बाबांनी सांगितलं वगैरे खोटं. तेवीस वर्षं मी रोज सकाळी बोकडाची आतडी धुते. रक्त कसं दिसतं ते मला तुझ्या यंत्राने सांगावं लागत नाही. ते रक्त होतं. पाचव्या दिवशी तू फोनवर श्वास धरून विचारलंस, गेला का गं रंग? मी 'गेला' म्हणाले.

का म्हणाले, त्याची चार कारणं मी स्वतःला दिली. खरं बोलले असते तर चमच्याचं उघड झालं असतं. तू विमानाने आली असतीस. त्यांना पुण्याला नेलं असतंस. आणि ते आनंदाने गेले असते, हे चौथं. बरं होऊन आले असते आणि जन्मभर सांगत बसले असते की पोरीनं वाचवलं. एवढी पुढची गोष्ट मला त्या एका क्षणात दिसली. मूळव्याध असेल, असंही म्हटलं स्वतःला. ते पाचवं कारण, ते मी नंतर शोधलं.

कवडूने मुदत दिली म्हणून पंचवीस तारखेला, बुधवारी, पेज भरवून झाल्यावर मी बाबांना सगळं सांगितलं. मोरी, चमचा, फोन. दार लावून सांगितलं. मी तयारीने बसले होते. वाटलं ते ताट भिरकावतील, शिव्या देतील, घरातून निघ म्हणतील. हात उचलतील असंही वाटलं, उचलता आला असता तर. तू काय समजतेस, काय केलं असेल त्यांनी?

काही नाही. सगळं ऐकलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "मंग गुंजनचा काई दोष नाही."

मी म्हटलं, नाही.

"गुंजनले बोलाव."

एवढंच. माझ्यावर रागावलेसुद्धा नाहीत गुंजन. मी त्यांचा जीव घेतला होता आणि त्यात त्यांना बोलण्यासारखं काही सापडलं नाही. 'काहून केलं वं' असंसुद्धा विचारलं नाही. तेवढं विचारलं असतं तर मी त्याच मिनिटाला तुला फोन लावला असता. हे मी तुला लिहून देते, शपथेवर.

मी म्हटलं, बोलावते. बाहेर आले, चुलीपाशी थोडा वेळ उभी राहिले, परत आत गेले आणि सांगितलं, झालं बोलणं, येते म्हणाली.

कवडूला त्याच्या लेकीच्या फोनवर कळवलं, बाबांना सांगून झालं, आता यायची घाई नको. त्यानंतर सहा दिवस. सत्तावीस तारखेचं माझं पत्र त्याच खोलीत, त्यांच्या पायाशी बसून लिहिलं. ते विचारत होते, काय लिहून राहिली? मी म्हटलं, मसाल्याची यादी.

पहिल्या दिवशी त्यांनी दाढी करवून घेतली. न्हाव्याला सांगितलं, पुण्याची पोरगी येऊन राहिली. दुसऱ्या दिवशी, "आली का वं?" गल्लीत रिक्षा थांबली की मान वळवायचे, आणि इतवारीत रिक्षा काय कमी थांबतात? मी म्हटलं, गाड्या भरलेल्या आहेत. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, काम सुटत नाही तिचं, फोनवर जरा घाईत होती. त्यांनी मला विचारलं, "तिले नीट सांगतलं ना, की मी रागावलो नाही?" मी म्हटलं, सांगितलं बाबा. दोनदा सांगितलं. चौथ्या दिवशी त्यांना बसवेना. त्यांनी मला तुला पुन्हा फोन लावायला सांगितलं. मी अंगणात जाऊन बंद फोन कानाला लावला आणि त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलले. "गुंजन, बाबा वाट पाहताहेत गं, अगं एक दिवस तरी," असं. मग आत येऊन काहीच बोलले नाही. काही न बोलणंच जास्त पटतं, हे मला तेव्हा कळलं.

त्या वेळी तू पुण्यात भरलेली बॅग दाराशी ठेवून बसली होतीस, हे तुझ्या शेवटच्या पत्रात आहे. पत्र तीस तारखेला मिळालं. मी ते वाचलं आणि चुलीत टाकलं.

राजीनामा मागे घेता येत असेल तर घे. तुझी भुकटी त्यांच्या पोटात गेलीच नाही, तेव्हा तिने काही लपवलं नाही आणि काही बिघडवलं नाही. तुझं संशोधन बरोबर असेल किंवा चूक असेल, बाबांवरून ते ठरत नाही. हे ओझं तू उतरव, ते माझं आहे. पण दुसरं जे आहे ते मला उतरवून घेता येत नाही, आणि यायचं असतं तरी ज्यांना सांगायचं ते राहिले नाहीत. बाबांच्या लेखी तू निरोप मिळूनही आली नाहीस. तेवढं मनात घेऊन ते गेले.

पाचव्या दिवशी, सोमवारी, त्यांनी विचारणं बंद केलं. दुपारी मी ओठांना पाणी लावत होते. ते म्हणाले, "नाही येत ते. दगडाच्या काळजाची निंगाली." मी म्हटलं, जाऊ द्या बाबा, लेकरू आहे. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं, इतका वेळ त्यांनी मला कधी पाहिलं नव्हतं. मग म्हणाले, "तूच हायेस मले." आणि माझा हात हातात घेतला. ज्या हाताने मी ते सगळं केलं होतं, आणि त्यांना सांगूनही झालं होतं, तोच हात. झोप लागेपर्यंत सोडला नाही, झोपेतही सोडला नाही. त्यांचा हात तुझ्यासाठी होता हे मला माहीत होतं. मी माझा काढून घेतला नाही, सकाळपर्यंत तशीच बसून राहिले.

मेघा